वर्गातील जालतंत्रज्ञान: चित्रफीत, चाचणी की साधी पाटी?

अंशछेद
‘डिजिटल शाळा’ म्हटले की आपल्याकडे भिंतीवरचा पडदा आणि त्यावरची चित्रफीत एवढेच डोळ्यांसमोर येते. माझ्या मते हा जालतंत्रज्ञानाचा सर्वांत दुबळा उपयोग आहे. खरा उपयोग आहे तो छोट्या, बिनगुणांच्या, वारंवार घेतलेल्या चाचणीचा. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला, तर काहींनी तो एकदा वाचून नंतर आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पाहिले तेव्हा दोनदा वाचणारे पुढे होते. पण आठवड्याने त्यांच्या लक्षात सुमारे ४२ टक्के मजकूर उरला होता, आणि आठवून लिहिणाऱ्यांच्या ५६ टक्के. मी सहावीला गणित शिकवते. १/३ + १/४ किती, हा एकच प्रश्न शाळेतल्या टॅबवर गूगल फॉर्ममधून दिला, की अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून २/७ लिहिणारी मुले कोण, हे तास संपण्याआधी कळते. वह्यांचा गठ्ठा घरी नेऊन तपासला तर तेच दोन दिवसांनी कळते, आणि तोवर फळ्यावर पुढचा धडा आलेला असतो.

पाटीपेन्सिल
संशोधनाबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यातून आपण काढलेला निष्कर्ष मला पटत नाही. त्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी कागदावरच लिहिले होते. आठवून लिहिण्याचा फायदा आठवण्यात आहे, टॅबमध्ये नाही. आपलाच प्रश्न मी पाटीवर सोडवायला सांगतो आणि “पाट्या वर करा” म्हणतो; सगळे २/७ एका नजरेत दिसतात. त्याला रेंज लागत नाही, चार्जिंग लागत नाही, आणि पासवर्ड विसरलेल्या मुलापाशी तास अडत नाही. शिवाय शिक्षकाच्या वाट्याला ऑनलाइन म्हणून जे येते ते बहुतांशी माहिती भरणे, फोटो चढवणे आणि लिंक उघडत नसल्याचे केंद्रप्रमुखांना कळवणे. त्यात आणखी एका फॉर्मची भर कशाला?

अंशछेद
पाटीचा मुद्दा मान्य. मात्र पाटी पुसली की त्या दिवसाची चूकही पुसली जाते. शिकलेले काही दिवसांच्या अंतराने पुन्हा विचारले तर ते अधिक टिकते, हेही संशोधनाने वारंवार दाखवले आहे. तीन आठवड्यांनी लसावि विचारताना, मागे २/७ लिहिणाऱ्यांपैकी कोण अजून तिथेच अडले आहे, हे चाळीसच्या पटात माझ्या लक्षात राहत नाही. फॉर्मच्या तक्त्यात ते राहते. माहिती भरण्याच्या ओझ्याबद्दल आपण म्हणता ते खरेच आहे, पण ते ओझे कार्यालयाने लादलेले आहे. त्याचा राग वर्गातल्या साधनावर काढू नये.

हिशोबी
दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट राहून जाते आहे. सातवीच्या वर्गात बसलेले मूल चौथीच्या पातळीवर असेल, तर सातवीचा प्रश्न पाटीवर विचारा की टॅबवर, त्याला सारखाच परका. दिल्लीत सहावी ते नववीच्या मुलांसाठी ‘माइंडस्पार्क’ या संगणकीय अध्ययन प्रणालीची चाचणी झाली. प्रवेश सोडतीने दिले होते, त्यामुळे तुलना चोख होती. ही प्रणाली प्रत्येक मुलाला त्याच्या पातळीचे प्रश्न देते. सुमारे साडेचार महिन्यांत गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ प्रमाण विचलन (मुलांचे गुण सरासरीपासून किती पसरलेले आहेत याचे माप) इतकी वाढ दिसली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेले हे निष्कर्ष शैक्षणिक प्रयोगांच्या मानाने भरघोस आहेत. उलट पेरूमध्ये मुलांना लॅपटॉप वाटण्याच्या योजनेचे २०१२ मध्ये मूल्यमापन झाले, तेव्हा गणित आणि भाषेत काहीच फरक आढळला नाही. यंत्र वाटणे निराळे, आणि मुलाच्या पातळीचा प्रश्न त्याच्यापुढे ठेवणे निराळे.

पाटीपेन्सिल
दिल्लीचा दाखला अर्धाच दिलात. ती केंद्रे शाळा सुटल्यावर चालत. तिथे दीड तासाच्या सत्रात निम्मा वेळ संगणकावर जाई आणि निम्मा वेळ लहान गटाला शिकवणाऱ्या साहाय्यकासोबत. म्हणजे त्या आकड्यांत माणसाचा आणि जादा वेळेचाही वाटा आहे. तो किती, हे त्या एका प्रयोगावरून वेगळे काढता येत नाही. आमच्याकडे एकाच शिक्षकाकडे दोन इयत्ता आहेत, तेव्हा तो साहाय्यक कुठून आणायचा?

अंशछेद
मग दोन इयत्तांच्या वर्गात तर याची गरज अधिक आहे. एका इयत्तेला आपण शिकवत असताना दुसरी इयत्ता त्या वेळात स्वाध्यायाच्या नावाखाली पुस्तकातली उत्तरे उतरवून काढते, हे आपणही पाहत असाल. तिला टॅबवर दहा प्रश्न आणि लगेच उत्तराची शहानिशा मिळाली, तर तो वेळ सत्कारणी लागेल.

पाटीपेन्सिल
पाहतो, नाकारत नाही. पण ते प्रश्न नेट नसताना चालले पाहिजेत, मराठीत असले पाहिजेत, आणि मुलाने २/७ लिहिले तर नुसती लाल फुली न दाखवता त्याला छेद समान करण्याच्या पायरीवर नेले पाहिजे. सध्या आमच्या टॅबमध्ये आहे ती चित्रफीत, आणि ती दुबळी हे आपणच वर लिहिले आहे. या तीन अटी पाळणारे काही आपल्या वापरात असेल तर नाव कळवा. पुढच्या घटक चाचणीआधी एका इयत्तेला टॅब आणि दुसरीला पाटी देऊन पाहीन.