मदत हवी आहे : लाफायेटमधल्या ‘व्हॅम्पायर’च्या कबरीबद्दल

नमस्कार मंडळी. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या लाफायेट या जुन्या कोळसाखाणीच्या गावात फोडोर ग्लावाची कबर आहे. दगडावर ओबडधोबड अक्षरांत जन्म ट्रान्सिल्वेनियाचा (गोष्टींतल्या ड्रॅक्युला या व्हॅम्पायरचा युरोपातला मुलूख), मृत्यू डिसेंबर १९१८. एवढ्यावरून लोकांनी त्याला रक्तपिपासू ठरवलं! कबरीतून वाढलेलं झाड म्हणे व्हॅम्पायर मारायला छातीत ठोकलेल्या खुंटीचं, अन् गुलाबाचं झुडूप त्याच्या नखांचं. मला तर तो फ्लूच्या साथीच्या दिवसांत परमुलखात वारलेला साधा खाणकामगार वाटतो. त्याचं असं भूत केलेलं फार लागतं मनाला.

डेन्व्हर-बोल्डरकडे कुणी राहतं का? तेव्हाच्या दफनाच्या नोंदी कुठे बघायला मिळतील? आणि या गोष्टी साधारण कधीपासून सांगतात, हे तिथल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारून कळवाल का?