कडुनिंबाचा अर्क सुती कापडावर धुण्यात टिकत नाही

प्रश्न: कडुनिंबाच्या पानांचा ५ टक्के अर्क पॅडिंगने (द्रावणात बुडवून रोलरांतून पिळून) दिला, पिकअप (कापडाने वजनाच्या प्रमाणात उचललेलं द्रावण) ८० टक्के, १०० अंशांवर वाळवलं. जिवाणूरोधक गुण पाच धुण्यांत गेला. अ‍ॅक्रिलिक बाइंडर (अर्क कापडाला चिकटवणारं रसायन) नको आहे. काय करावं?

उत्तर १: नुसता वाळवलेला अर्क धाग्यावर बसतो, सेल्युलोजशी (सुताच्या मूळ द्रव्याशी) बांधला जात नाही. त्याच द्रावणात ६ टक्के सायट्रिक आम्ल आणि ३ टक्के सोडियम हायपोफॉस्फाइट (बंध जुळवायला मदत करणारं उत्प्रेरक) घाला. ८५ अंशांवर ५ मिनिटं वाळवा, १६० अंशांवर ३ मिनिटं क्युअरिंग करा (तापवून पक्कं करा), मग धुवून उरलेलं आम्ल काढा. उष्णता कमी पडली तर एस्टर बंध (आम्ल आणि सेल्युलोज यांची रासायनिक जोडणी) होत नाहीत. जास्त झाली तर कापड पिवळं पडतं. ताणशक्ती थोडी घटणारच, म्हणून आधी छोट्या तुकड्यावर बघा.

उत्तर २: सहमत, पण कडुनिंबातलं एक सक्रिय द्रव्य अ‍ॅझाडिरॅक्टिन उष्णतेने बिघडतं. रंग चालणार असेल तर हिरडा किंवा डाळिंबसाल बरी: त्यातलं टॅनिन (तुरट द्रव्य) सुताला धरतं, तुरटीने आणखी पक्कं होतं. पाण्यात लोह नको, कापड करडं पडेल. आणि स्कावरिंग (कापडातलं मेण-तेल काढणारी धुलाई) नीट झालंय ना? पाण्याचा थेंब लगेच शोषला गेला पाहिजे, नाहीतर डाग उमटतात.

उत्तर ३: चाचणीत अर्काशिवाय फक्त सायट्रिक आम्ल दिलेला तुकडा जरूर ठेवा. आम्लही जिवाणू कमी करतं. तो नसेल तर श्रेय चुकून कडुनिंबाला जातं.