मदत हवी आहे: मिंटवरून डेबियनवर जायचं आहे, होम तसंच ठेवून

धागाकर्ता:
लॅपटॉप २०१४ चा, आय-थ्री, रॅम ४ जीबी, एसएसडी २४० जीबी. सध्या लिनक्स मिंट २२, सिनॅमन डेस्कटॉप. रूट (सिस्टिम आणि प्रोग्राम असतात तो डिस्कचा भाग, म्हणजे पार्टिशन) २५ जीबी, ते सारखं भरतं. होमचं (आपल्या फाइली आणि सेटिंग्जचं) पार्टिशन वेगळं आहे, त्यात शाळेच्या प्रश्नपत्रिका आणि घरचे फोटो. खाती दोन, माझं आणि मुलीचं. वाय-फाय चिप ब्रॉडकॉम बीसीएम ४३१४२. डेबियन १३ (हीसुद्धा लिनक्सच) टाकायचं आहे, डेस्कटॉप सिनॅमनच. होमची सुरुवात पुढे सरकवून रूट ४० जीबी करू का? आणि होम फॉरमॅट न करता जुनी सेटिंग्ज चालतील का? बॅटरी दहा मिनिटंही टिकत नाही, आणि मानेवाड्याकडे नवतप्यात वीज कधी जाईल त्याचा नेम नसतो.

बर्डीकर:
भाऊ, पार्टिशन सरकवू नका. सुरुवात हलवली की आतला सगळा डेटा उचलून पुन्हा लिहावा लागतो. मध्येच वीज गेली तर अर्धा डेटा जुन्या जागी, अर्धा नव्या, आणि फोटो हाती लागणं कठीण. रूट भरतं ते बहुतेक टाइमशिफ्टच्या स्नॅपशॉटमुळे (सिस्टिमच्या जुन्या प्रती) आणि फ्लॅटपॅकमुळे (लागणाऱ्या सगळ्या लायब्ररींसकट येणारे अ‍ॅप). दोन्ही मुळात रूटवरच साठतात. डेबियनवर फ्लॅटपॅक फक्त आपल्या खात्यापुरते टाका, म्हणजे ते होममध्ये जातील. मग २५ जीबी पुरतात.

तरीही आधी होमची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या, आणि त्यातले चार-पाच फोटो दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. इन्स्टॉल करताना चार्जर इन्व्हर्टरच्या लाइनवर लावा.

जुना पेंग्विन:
होमबद्दल. फाइल कोणाची हे लिनक्स नावावरून नाही, आकड्यावरून ठरवतं. मिंटवर दोन्ही खात्यांत ‘आयडी’ ही आज्ञा देऊन आकडे लिहून ठेवा. पहिलं खातं १००० असतं, दुसरं बहुधा १००१. डेबियनवर खाती त्याच क्रमाने, त्याच नावांनी तयार करा. क्रम उलटला तर मुलीच्या फाइली तुमच्या नावावर दिसतील आणि तिलाच उघडता येणार नाहीत.

इन्स्टॉलरमध्ये पार्टिशन हाताने निवडा. होमला ‘ईएक्सटी ४’ आणि माउंट पॉइंट (पार्टिशन कुठल्या फोल्डरवर जोडायचं ते) होम द्या, पण फॉरमॅटच्या ओळीत ‘नको, आहे तो डेटा ठेवा’ हेच राहू द्या. शेवटच्या पानावर फॉरमॅट होणाऱ्या पार्टिशनची यादी येते. त्यात होम दिसलं तर तिथूनच मागे फिरा. रूटचा (इथे रूट म्हणजे पार्टिशन नाही, मुख्य अ‍ॅडमिन खातं) पासवर्ड विचारला की ती जागा रिकामी सोडा. तिथे पासवर्ड भरला तर तुमच्या खात्याला सुडो (अ‍ॅडमिनची कामं करायची परवानगी) मिळत नाही, आणि नवीन माणूस इथेच अडकतो.

सेटिंग्ज मात्र जशीच्या तशी चालणार नाहीत. मिंटच्या थीम आणि आयकॉन डेबियनवर नसतात, त्यामुळे पॅनेल विचित्र दिसतं. पहिल्या लॉगिनआधी होममधल्या ‘डॉट कॉन्फिग’ या लपलेल्या सेटिंग्जच्या फोल्डरचं नाव बदलून ‘कॉन्फिग-जुनं’ करा आणि हवं तेवढंच परत आणा. मराठी फॉन्ट होममधल्या फॉन्ट फोल्डरमध्ये असतील तर राहतील. रूटवर टाकले असतील तर आधी उचलून ठेवा, नाहीतर प्रश्नपत्रिकेची पानं सरकतील. टायपिंगसाठी आयबस आणि आयबस-एम१७एन ही पॅकेजेस टाका, लॉगआउट करून परत या आणि मराठी इनस्क्रिप्ट २ हा कीबोर्ड निवडा.

धागाकर्ता:
फायरफॉक्सचे बुकमार्क, पासवर्ड?

जुना पेंग्विन:
तिथे खरी अडचण आहे. मिंटवर ताजा फायरफॉक्स असतो, डेबियनवर ईएसआर, म्हणजे जास्त काळ सांभाळली जाणारी जुनी आवृत्ती. नव्या फायरफॉक्सने वापरलेली प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड असलेला फोल्डर) जुना फायरफॉक्स उघडत नाही. नवीन प्रोफाइल बनवा किंवा बाहेर पडा, एवढंच म्हणतो. जुनी प्रोफाइल पुसली जात नाही, घाबरू नका. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाची स्वतःची डेब रिपॉझिटरी (पॅकेजेसचा साठा) जोडून ताजा फायरफॉक्स टाका आणि ‘अबाउट प्रोफाइल्स’ पानावरून जुनी प्रोफाइल निवडा.

बर्डीकर:
वाय-फाय लगेच लागणार नाही. या चिपचं ड्रायव्हर डेबियनच्या पॅकेजेसच्या ‘नॉन-फ्री’ विभागात आहे, आणि इन्स्टॉलर आपणहून फक्त ‘नॉन-फ्री-फर्मवेअर’ चालू करतो. म्हणून इन्स्टॉल करताना राउटरची लॅन केबल लावा. नंतर नॉन-फ्री जोडून आधी कर्नल हेडर्स (सिस्टिमच्या गाभ्यासाठी, म्हणजे कर्नलसाठी, ड्रायव्हर बनवायला लागणाऱ्या फाइली), मग ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस हे ड्रायव्हरचं पॅकेज टाका. हेडर्स विसरलात तर ड्रायव्हरचं मॉड्यूल बनत नाही. सिक्युअर बूट (सही नसलेलं सॉफ्टवेअर चालू न देणारी सोय) चालू असेल तर बनूनही लोड होत नाही: बायोसमध्ये तो बंद करा किंवा मॉड्यूलची किल्ली नोंदवा. हेडर्सचं ‘एएमडी ६४’ हे मेटापॅकेजच (नेहमी ताज्या हेडर्सकडे नेणारं पॅकेज; इंटेललाही हेच) घ्या, म्हणजे पुढच्या कर्नलसोबत नवे हेडर्स येतील. केबल तोपर्यंत जवळच ठेवा.