आधी ध्यान की आधी मोर्चा?

गोदाकाठचा : कालपासून एक पोस्ट फिरतेय. ‘मोर्चे सोडा, दहा दिवस मौनात बसा. मन बदललं की समाज आपोआप बदलतो.’ आपोआप? मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा, म्हणजे नामांतराचा ठराव विधिमंडळात झाला १९७८ ला, नामविस्तार झाला १४ जानेवारी १९९४ ला. मधल्या काळात घरं जळाली, माणसं गेली, लाँग मार्च निघाला. तेव्हा काय मराठवाड्यात भजनं बंद होती? पेटलेली वस्ती बघून आलेले लोक संध्याकाळी हरिपाठाला बसतच होते की.

अंबाजोगाईकर : अर्धवट सांगू नका. स्वामी रामानंद तीर्थ कोण होते? संन्यासी. अन् निजामाच्या तुरुंगात कोण गेलं? ध्यान करणारा पळपुटा, हे ठरवणारे तुम्ही कोण?

गोदाकाठचा : तेच म्हणतोय, ते तुरुंगात गेले. डोळे मिटून बसून राहिले नाहीत.

लातूरची लेक : माझा भाऊ विपश्यना करून आला. फी नाही, जेवण-राहणं फुकट, मोबाईल जमा. दारू सुटली, खोटं कशाला बोलू. पण वहिनी काही बोलायला लागली की हा डोळे मिटतो. ‘मी समतेत आहे’ म्हणे! भांडी तिनंच घासायची.

परभणीचा पाव्हणा : मौनाचं नशीब तरी आहे तुम्हाला. आमच्याकडं सप्ताह बसलाय. पहाटे चारला काकड्याचा भोंगा, लेकराची बारावी तोंडावर. काल्याच्या कीर्तनाची बिदागी ऐकून घाम फुटला. वर्गणी दिली नाही की माईकवर नाव.

टाळकरी : सप्ताहाला नावं ठेवायची फॅशनच झालीय. दुष्काळात आमच्या गावी याच पंगतीत चूल न पेटलेली घरं जेवलीत.

परभणीचा पाव्हणा : एकाच पंगतीत का?

टाळकरी : आता बसतात सगळे.

परभणीचा पाव्हणा : ‘आता’. बरं.

अंबाजोगाईकर : नाथांनी पैठणच्या तापल्या वाळवंटातून अस्पृश्याचं लेकरू कडेवर घेतलं, ते विसरलात?

गोदाकाठचा : विसरू कसं? दर सप्ताहात ऐकतो. ऐकून घरी जातात, लेकरू कुणी उचलत नाही. हां, रामानंद तीर्थांसारखा एखादा निघतो, तेवढं तुमचं मान्य. खूश?

टाळकरी : मग तुम्ही उचला. इथं टायपत काय बसलात? देव न मानणाऱ्यांनी गावात काय दिवे लावले तेही सांगा.

लातूरची लेक : माझ्या वहिनीच्या भांड्यांवर कुणीच बोललं नाही. अपेक्षाही नव्हती.

परभणीचा पाव्हणा : रात्री दहा ते सकाळी सहा भोंग्याला बंदी आहे, कायदा वाचा.

टाळकरी : ठाण्यात जा मग. गावात परत यायचंय ना?

परभणीचा पाव्हणा : धमकी देता का राव? माळ घालून?

टाळकरी : धमकी कसली! काकडा बिगर माईकचा घ्या म्हणून कमिटीत बोलतो. पण वर्गणी लागेल.

परभणीचा पाव्हणा : पावती फाडा, देतो.