‘कॉल अ स्पेड अ स्पेड’मधलं फावडं आलं कुठून?

प्रश्न : ‘कॉल अ स्पेड अ स्पेड’ या इंग्रजी वाक्प्रचारातला स्पेड म्हणजे पत्त्यांतला इस्पिक का? आणि ‘प्रामाणिकपणे बोलणे’ एवढाच अर्थ आहे का?

उत्तर : इस्पिक नव्हे, फावडं. पत्त्यांतला स्पेड इटालियनमधल्या तलवारीवरून आला, त्याचा इथे काही संबंध नाही. खरी गोष्ट अशी, की मुळात फावडंही नव्हतं.

ग्रीक म्हण होती : अंजिराला अंजीर म्हणावं, काथवटीला काथवट. ग्रीक शब्द ‘स्काफे’, म्हणजे कोरून पोकळ केलेली वस्तू. पीठ मळायची काथवट, परात, अगदी होडीसुद्धा. प्लूटार्क या प्राचीन ग्रीक लेखकाने यावर एक प्रसंग दिला आहे. ऑलिंथस हे ग्रीक शहर इ.स.पू. 348 मध्ये सिकंदराचा बाप फिलिप याच्या हाती पडलं, ते तिथल्याच लास्थेनीसच्या फितुरीमुळे. हाच लास्थेनीस आणि त्याचे साथीदार फिलिपकडे गाऱ्हाणं घेऊन आले : तुमची माणसं आम्हाला गद्दार म्हणतात. फिलिप म्हणाला, मॅसिडोनियाची माणसं रांगडी, खेडवळ. ती काथवटीला काथवटच म्हणतात. गाऱ्हाणं ऐकून घेतलं आणि गद्दारीवर शिक्काही मारला. हे उत्तर मला फार आवडतं.

सोळाव्या शतकात इरास्मस या डच विद्वानाने हे लॅटिनमध्ये आणताना ‘स्काफे’च्या जागी कुदळ घातली. खणण्याच्या अवजाराचा ग्रीक शब्द ‘स्काफे’शी अगदी मिळताजुळता, दोन्ही ‘खणणे’ या एकाच धातूतून आलेले. घोटाळा त्यातूनच झाला असणार. 1542 मध्ये निकोलस युडॉलने इरास्मसचं इंग्रजी केलं, कुदळीच्या जागी ‘स्पेड’ म्हणजे फावडं घातलं आणि ते कायमचं रुजलं.

आता अर्थ. नुसतं खरं बोलणं म्हणजे हे नव्हे. खरं मऊ शब्दांतही सांगता येतं. इथे वस्तूचं जे रोकडं, कानाला टोचणारं नाव आहे तेच घ्यायचं : चोराला चोर, लाचेला लाच, ‘चहापाणी’ म्हणायचं नाही. मराठीत ‘आडपडदा न ठेवता बोलणे’ किंवा ‘रोखठोक’ इथे चपखल बसतं. काहीजण ‘एक घाव दोन तुकडे’ वापरतात, ते मला पटत नाही. त्यात निकाल लावणं आहे, नाव घेणं नाही.

प्रश्न : अमेरिकेत ऑफिसमध्ये हे वापरावं का?

उत्तर : टाळावं. विसाव्या शतकात तिथे ‘स्पेड’ ही कृष्णवर्णीयांसाठी शिवी झाली, आणि ती मात्र खरोखरच काळ्या इस्पिकावरून आली. वाक्प्रचार त्याहून कितीतरी जुना आणि निर्दोष आहे, पण ऐकणाऱ्याला आधी शिवीच आठवू शकते. ‘स्पष्टच बोलतो’ला इंग्रजीत सरळ शब्द भरपूर आहेत, ते वापरा.