जुनी लष्करी घड्याळं: रेडियमचं तेवढं सांभाळा

कुणीतरी विचारलंय, तारीखसुद्धा न दाखवणाऱ्या, रोज चावी द्यावी लागणाऱ्या जुन्या लष्करी घड्याळात एवढं काय आहे? माझ्या मते, नको ते काही नाही हेच!

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने १२ स्विस कंपन्यांकडून एकाच मापदंडाची घड्याळं बनवून घेतली. संग्राहक त्यांना 'डर्टी डझन' म्हणतात. काळी तबकडी, ठसठशीत आकडे, सहाच्या जागी छोटा सेकंदकाटा आणि सरकारी मालाची बाणाची खूण. ओमेगा असो वा टिमोर, तोंडवळा एकच. या बारांपैकी ग्राना कंपनीचं सगळ्यात दुर्मिळ, त्यामुळे भाव विचारूच नका.

त्याच युद्धातल्या अमेरिकन सैन्याच्या ए-११ घड्याळाची मजा वेगळी. चावी बाहेर ओढली की सेकंदकाटा जागीच थबकतो, म्हणजे तुकडीतल्या सगळ्यांना सेकंदाबरहुकूम वेळ जुळवता येते. मला तर तो थबकलेला काटा बघायलाच आवडतो.

घेणार असाल तर एक सांगतो. आकडे अंधारात दिसावेत म्हणून लावलेला, आता तपकिरी झालेला लेप बहुधा रेडियमचा असतो. तो आता चमकत नाही, पण रेडियमचं अर्धायुष्य (किरणोत्सार निम्म्यावर यायला लागणारा काळ) सुमारे १६०० वर्षं आहे, म्हणजे त्याचा किरणोत्सार अजून शाबूत आहे. हौसेने घरी उघडून खरवडत बसू नका. आणि तबकडी अगदी कोरी करकरीत दिसली, तर ती नव्याने रंगवलेली असण्याचीच शक्यता जास्त.