१८५५ ची व्हिएन्ना परिषद नेमकी कुठे फिसकटली?

प्रश्न
क्रिमियन युद्धात (रशिया विरुद्ध तुर्कस्तान, ब्रिटन, फ्रान्स हे दोस्त) रशियाने 'चार मुद्दे', म्हणजे तहाच्या चार अटी, तत्त्वतः मान्य केले होते. २ मार्च १८५५ ला झार निकोलस पहिला वारला, १५ तारखेला व्हिएन्नात तहाची परिषद भरली. तरी जूनमध्ये सगळे रिकाम्या हाताने का परतले? ब्रिटिश पंतप्रधान पामर्स्टनला युद्धच हवं होतं, एवढंच कारण पुरेसं आहे का?

प्रतिसाद १
पुरेसं नाही. मोल्डाव्हिया-वालाकियावरचं (आजच्या रोमानियाकडचे प्रांत) रशियाचं पालकत्व काढणं आणि डॅन्यूबची वाहतूक खुली करणं, हे पहिले दोन मुद्दे फारशी खळखळ न होता सुटले. घोडं अडलं तिसऱ्यावर: १८४१ च्या सामुद्रधुनी कराराची (काळ्या समुद्रात जाणाऱ्या तुर्की सामुद्रधुन्या युद्धनौकांना बंद ठेवणारा करार) फेरतपासणी. शब्द मोघम होते, म्हणूनच तर रशियाने मान डोलावली होती. दोस्तांनी अर्थ लावला, काळ्या समुद्रातलं रशियन आरमार मर्यादित करा. रशियाचा प्रतिनिधी गोर्चाकोव्ह याने साफ नकार दिला. सेवास्तोपोल, काळ्या समुद्रावरचं रशियन आरमारी ठाणं, अजून पडलं नव्हतं. तोफांनी न मिळालेलं टेबलावर कोण देईल?

ऑस्ट्रियाचा परराष्ट्रमंत्री बुओल याने तोड काढली: आरमार १८५३ इतकंच ठेवा, वाढवलंत तर ते युद्धाचं कारण समजू. ब्रिटनचा प्रतिनिधी रसेल आणि फ्रान्सचा परराष्ट्रमंत्री द्रुआँ द ल्युईस दोघांनाही ती पटली! मोडता घातला तो लंडन-पॅरिसने. द्रुआँने मे महिन्यात राजीनामा दिला. रसेल मात्र खुर्चीला चिकटून संसदेत युद्धाची भलामण करत राहिला. व्हिएन्नात काय कबूल केलं होतं ते उघड झाल्यावर जुलैत त्यालाही जावं लागलं.

प्रतिसाद २
माझ्या मते खरी संधी १८५३ च्या 'व्हिएन्ना नोट'मध्ये, म्हणजे रशिया-तुर्की वाद मिटवण्याच्या तडजोडीच्या मसुद्यात, गेली. चार सत्तांनी मसुदा केला, झारने ऑगस्टमध्ये होकारही दिला. पण ज्याच्या नावाने तो पाठवायचा त्या तुर्की सुलतानाला आधी विचारलंच नाही. तुर्कांनी दुरुस्त्या मागितल्या, झारने त्या फेटाळल्या. सप्टेंबरात रशियाचा परराष्ट्रमंत्री नेसेलरोडे याचं टिपण बर्लिनच्या वर्तमानपत्रात फुटलं. त्यात मसुद्याचा अर्थ रशियाच्या सोयीने लावलेला. मग तो कोण उचलून धरणार?

प्रतिसाद ३
ऑस्ट्रियाच्या रशियाविरुद्ध युद्धात उतरण्याच्या धमकीत दम नव्हता हेही धरा. २ डिसेंबर १८५४ ला दोस्तांशी करार केला, पण लढाईत उतरली नाही. परिषद मोडताच खर्च झेपेना म्हणून फौज कमी केली. सप्टेंबरात सेवास्तोपोल पडलं, डिसेंबरात व्हिएन्नाने निर्वाणीचा खलिता धाडला आणि १६ जानेवारी १८५६ ला रशियाने तो स्वीकारला. अटी वसंतातल्यापेक्षा कडक होत्या: काळ्या समुद्रात लढाऊ आरमार नाही, किनाऱ्यावर शस्त्रागारं नाहीत. ते कलम १८७० मध्ये, फ्रान्स प्रशियाशी झुंजत असताना, रशियाने झुगारून दिलं.